चौकीतले मौन

फोन बहुतेक वेळा दुपारी येतो. "साहेबांनी बोलावलंय. दहा मिनिटांचं काम आहे, येऊन जा." चाकण एमआयडीसीत पहिली पाळी करून सुटलेला कंत्राटी कामगार कंपनीच्या बसमधून मधेच उतरतो आणि गळ्यात ओळखपत्र तसेच ठेवून पोलीस ठाण्याकडे चालू लागतो. शेजारच्या खोलीत चोरी झालेली असते, गेटवर मारामारी झालेली असते, किंवा प्रेस मशिनखाली कुणाची बोटे गेलेली असतात आणि त्या वेळी लाइनवर कोण कोण होते, हे विचारायचे असते. वाटेत तो घरी कळवतो. पलीकडून, लातूरहून म्हणा, बुलढाण्याहून म्हणा, थोरला भाऊ हमखास सांगतो, "सगळं खरं खरं सांगून टाक. कर नाही त्याला डर कशाला?"

ही म्हण आपल्या हाडीमाशी इतकी खिळलेली आहे की तिच्यात काही दावा केलेला आहे, हेच जाणवत नाही. तिच्या सोबतीला आणखी दोन उभ्या आहेत. मौन म्हणजे संमती, आणि खाई त्याला खवखवे. तिघी मिळून एकच सांगतात : जो बोलत नाही त्याच्या पोटात काहीतरी आहे. याच समजुतीत वाढलेल्या देशाने २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेत नेमके उलटे वाक्य लिहून ठेवले. कलम २०, खंड ३ : कोणत्याही अपराधाचा आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती केली जाणार नाही. मूळ इंग्रजी वाक्य पंधरा शब्दांचे आहे. त्या पंधरा शब्दांनी चौकीतल्या टेबलाच्या दोन्ही बाजूंचे वजन बदलते. एका बाजूला वर्दी, कोठडीच्या किल्ल्या आणि राज्याची सगळी ताकद, दुसऱ्या बाजूला घामाने भिजलेला गणवेश घातलेला एक माणूस. आणि या माणसाच्याच तोंडून त्याच्याविरुद्ध एक शब्दही वदवून घेण्याचा अधिकार समोरच्या ताकदीला नाही. मला ही गोष्ट जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा थक्क व्हायला होते.

चित्रपटांमुळे एक गैरसमज मात्र रुजला आहे. अमेरिकी पोलीस बेड्या घालताना 'तुला गप्प राहण्याचा हक्क आहे' असे म्हणून दाखवतात, ते १९६६ च्या मिरांडा खटल्याच्या निकालामुळे. आपल्याकडे चौकशीच्या खोलीत पोलिसाने हे वाक्य म्हटलेच पाहिजे, असा सर्वसाधारण नियम नाही. हक्क आहे, पण तो स्वतःहून बोलत नाही. ज्याला ठाऊक असेल त्यानेच तो आठवायचा. म्हणून त्याचे बारकावे आधी माहीत असलेले बरे.

चौकशीचा रोजचा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. १ जुलै २०२४ पासून तिने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली. तिच्या कलम १८० मध्ये (जुन्या वकिलांच्या तोंडी अजूनही '१६१ चा जबाब' हेच नाव आहे) दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. प्रकरणाची माहिती असलेला माणूस पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यायला बांधील आहे. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच फौजदारी आरोपाकडे, दंडाकडे किंवा जप्तीकडे ओढत नेईल, त्या प्रश्नापुरता तो बांधील नाही. म्हणजे मौन सरसकट नाही. प्रेस मशिनजवळ उभा असलेला हेल्पर 'अपघात किती वाजता झाला?' या प्रश्नावर तोंड मिटून बसू शकत नाही. साक्षीदार म्हणून ते सांगणे त्याचे काम आहे. पण 'सेफ्टी गार्ड तूच काढला होतास ना?' हा प्रश्न वेगळ्या जातीचा. तिथे त्याच्या पायाखालची जमीन बदलते आणि तिथून पुढे बोलायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे. नाव आणि पत्ता लपवता येत नाही. खोटे बोलण्याचा तर हक्क कुठेच नाही. हक्क आहे तो फक्त न बोलण्याचा.

याच कलमाला लागून असलेली एक तरतूद मला फार आवडते. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तो देणाऱ्याची सही घ्यायची नाही, असे कलम १८१ सांगते. आपल्याकडे सहीला केवढे मोल! बँकेत, तलाठ्याकडे, कंत्राटदाराच्या मस्टरवर, सगळीकडे सही मागतात. इथे कायदाच म्हणतो, सही नको. कारण चार भिंतींच्या आत, एकाच बाजूच्या माणसाने लिहिलेल्या कागदाला सहीमुळे जे वजन येईल, ते त्याला येऊ द्यायचे नाही.

चौकशीच्या खोलीतल्या मौनाची मोठी लढाई लढली ती एका बाईने, आणि ती साधी बाई नव्हती. नंदिनी सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री आणि ओडिया लेखिका. १९७७ मध्ये भ्रष्टाचाराच्या तपासात त्यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची लांबलचक यादी पुढे ठेवली गेली. त्यांनी उत्तरे द्यायला नकार दिला. सरकारी अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर न दिल्याबद्दल त्यांच्यावरच खटला भरला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले आणि ७ एप्रिल १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला. कलम २०(३) ची ढाल न्यायालयाच्या पायरीवर सुरू होत नाही, ती पोलीस ठाण्याच्या खोलीतच सुरू होते, हे त्या निकालाने स्पष्ट केले. समोर असलेल्या गुन्ह्यापुरतीच नव्हे, तर जो दुसरा आरोप त्या उत्तरातून अंगावर येण्याची वाजवी शक्यता आहे, त्यालाही ती लागू आहे. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावणेच कायद्यात बसत नाही, हेही तिथेच बजावले गेले. शेवटी खटला मिटला, आणि जी उत्तरे अंगावर येणार नाहीत ती सत्पथींनी द्यावीत, असे ठरले. चाकणच्या कारखान्यांत ओडिशातून आलेली मुले मोठ्या संख्येने राबतात. आपल्या राज्याच्या एका मुख्यमंत्रीबाईने आपल्यासाठी काय मिळवून ठेवले आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या कानावर गेले असेल?

पण समजा, एखादा गप्प राहिलाच नाही. रात्रभर बसवून ठेवल्यावर, दमल्यावर, घाबरल्यावर तो म्हणाला, "होय साहेब, मीच केलं." मग? इथे कायद्याची सगळ्यात कडक भिंत लागते. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हवालदारापुढे नाही, कमिशनरांपुढेही नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचे आजचे कलम २३, म्हणजे १८७२ च्या जुन्या कायद्यातले कलम २५ आणि २६. या भिंतीचा पाया एका लाजिरवाण्या इतिहासात आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने महसूल वसुलीत आणि पोलिसांच्या हाती माणसांचे काय हाल होतात, ते नोंदवून ठेवले. त्यानंतर १८६१ च्या प्रक्रिया संहितेत ही बंदी आली आणि १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ती साक्षीपुराव्याच्या कायद्यात बसवली. ज्या परक्या सरकारला माणसे दाबून टाकायची होती, त्याच सरकारला आपल्याच पोलिसाच्या कागदावर विश्वास ठेवता येत नव्हता. आपण स्वतंत्र झालो, दीडशे वर्षे लोटली, कायद्यांची नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले, आणि तो अविश्वास शब्दशः तसाच ठेवला. मला वाटते, शहाणपणाने ठेवला.

महाराष्ट्राने मात्र या भिंतीला स्वतःच्या हाताने एक खिडकी पाडली आहे. १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, वर्तमानपत्रांच्या भाषेत मोक्का. त्याच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुराव्यात येऊ शकतो, तो सांगितलेली पथ्ये पाळून घेतला असेल तर. पहिले पथ्य हेच की, बोलायला तू बांधील नाहीस हे आरोपीला आधी समजावून सांगायचे. म्हणजे पोलिसाने मौनाचा हक्क मोठ्याने सांगायचा प्रसंग आपल्या राज्यात आहे, पण तो आहे सगळ्यात कडक कायद्याखाली. पिंपरी-चिंचवडच्या टोळ्यांवर 'मोक्का लावला' अशी बातमी वाचताना मला दरवेळी हे आठवते.

दुसरी फट जुनी आणि त्याहून विलक्षण आहे. आरोपी म्हणाला, "मी त्याच्यावर वार केला आणि कोयता चाकणच्या खाणीत फेकला, चला, दाखवतो." दोन पंच बोलावतात, निवेदन पंचनामा होतो, गाडी खाणीकडे जाते आणि कोयता खरोखर सापडतो. आता त्या एका वाक्याचे न्यायालय काय करते? ते वाक्य चाकूने कापावे तसे कापते. 'वार केला' हा तुकडा फेकून दिला जातो. 'कोयता खाणीत आहे, दाखवतो' एवढा तुकडा ठेवला जातो, कारण वस्तू सापडल्याने तेवढ्याचा खरेपणा माणसाच्या तोंडावर अवलंबून उरलेला नाही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली, आंध्रातल्या एका गावच्या भाल्याच्या खटल्यात, हा छेद कुठे घ्यायचा ते ठरवून दिले. तेव्हापासून इथल्या प्रत्येक सत्र न्यायालयात आरोपीचे वाक्य असेच व्याकरणाच्या टेबलावर ठेवून चिरले जाते. एका वाक्यातले क्रियापद बाद आणि कर्म ग्राह्य! भाषेवर इतके नाजूक काम मी दुसऱ्या कुठल्या व्यवसायात पाहिलेले नाही.

चाकण-चिंचवडच्या या पट्ट्याला कबुलीजबाबाची गोष्ट नवी नाही. चिंचवडच्या चापेकर चौकातून रोज हजारो दुचाक्या जातात. ज्यांचे नाव त्या चौकाला आहे, ते दामोदर हरी चापेकर याच चिंचवडचे. २२ जून १८९७ च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी समारंभानंतर, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. सरकारने वीस हजार रुपयांचे इनाम लावले. द्रविड बंधूंनी माहिती दिली, दामोदर पकडले गेले, आणि ८ ऑक्टोबर १८९७ रोजी त्यांचे निवेदन नोंदवले गेले. प्लेगच्या झडत्यांत सोजिरांनी देवस्थाने बाटवली, मूर्ती फोडल्या, त्याचा सूड घ्यायचा होता, असे त्यात आहे. तेच निवेदन कबुली म्हणून धरले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला त्यांना फाशी झाली. त्या वेळीही १८७२ चा कायदा लागू होता. पोलिसाच्या कानात सांगितलेल्या शब्दाला तेव्हाही किंमत नव्हती. साम्राज्याला हादरवून सोडणाऱ्या खुनाच्या खटल्यातही तो नियम तसाच उभा होता. घटनेतले मौन मात्र यायला अजून बावन्न वर्षे होती.

आता सगळ्यात अद्भुत प्रश्नाकडे येतो. माणूस तोंड मिटून बसला, तरी त्याचे शरीर गप्प बसते का?

आपल्या जुन्या न्यायपद्धतीत शरीरालाच विचारत. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात दोन्ही बाजूंचे कागद आणि साक्षी संपल्या की 'रवा दिव्य' होई. तापलेल्या तुपातेलातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायचा. मग हात बांधून त्यावर मोहर करत आणि काही दिवसांनी सोडून पाहत. हात भाजला नसेल तर माणूस खरा. 'मोठ्या दिव्यातून गेलो' असे आपण आजही म्हणतो, ते तिथून आले आहे. जीभ खोटे बोलेल, कातडी बोलणार नाही, ही त्यामागची श्रद्धा.

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न नव्या रूपात आला : आरोपीच्या बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना सक्तीने घेतला तर ती स्वतःविरुद्ध साक्ष झाली का? मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड हा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपुढे चालला. त्यांत आपले न्यायमूर्ती गजेंद्रगडकरही होते. ४ ऑगस्ट १९६१ च्या निकालाने एक रेघ ओढली. स्वतःच्या मनातले ज्ञान दुसऱ्याला कळवणे म्हणजे साक्ष. बोटावरच्या रेषा, अक्षराचे वळण, पायाचे माप हे ज्ञान नाही, ते फक्त माणसाजवळ आहे. म्हणून ठसे सक्तीने घेता येतात, कबुली घेता येत नाही. २०१९ मध्ये आवाजाचा नमुनाही याच रेघेच्या शरीराकडच्या बाजूला गेला. केवढी गंमत आहे पाहा : तुमचा आवाज राज्य मागू शकते, पण त्या आवाजात तुम्ही काय बोलायचे, हे नाही.

ही रेघ पुण्यातच एकदा पुसट झाली होती. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला आणि तिच्या साथीदाराला खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुराव्यात एक गोष्ट अशी होती की जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी मान वर करून पाहिले. तिच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी बसवून, तिला शांत बसायला सांगून, एकेक वाक्य ऐकवले गेले होते. सगळी वाक्ये 'मी'ने सुरू होणारी, जणू तिच्याच मनातली. तिने उत्तर द्यायचे नव्हते. तिने दिलेही नाही. संगणकाने मेंदूतल्या विजेच्या लहरी वाचल्या आणि सांगितले की, ही घटना हिने नुसती ऐकलेली नाही, अनुभवलेली आहे. एक शब्द न बोलता तिच्याविरुद्ध साक्ष झाली, आणि साक्षीदार होता तिचाच मेंदू. त्या खटल्यात खरे काय घडले, यात मी शिरत नाही. माझे लक्ष त्या टोपीवर खिळलेले आहे. ते नवे रवा दिव्य होते. तूप जाऊन तिथे वीज आली होती, श्रद्धा तीच.

त्याआधी २००४ मध्ये, तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाने नार्को आणि मेंदूच्या अशा चाचण्यांना वाट मोकळी करून दिली होती. नार्को म्हणजे औषध टोचून अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारणे. अखेर ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्णविराम दिला. संमतीशिवाय नार्को नाही, पॉलीग्राफ नाही, ब्रेन मॅपिंग नाही. मेंदूत उमटलेली लहर ही बोटाच्या ठशासारखी शरीराची खूण नाही. ती स्मरणातून आलेली आहे, म्हणून ती साक्षच. ओठ हलले नाहीत म्हणून मौन मोडले नाही, असे होत नाही. माणसाच्या मनाला खासगी कोपरा आहे आणि त्या कोपऱ्याला आतून कडी आहे, हे आपल्या न्यायालयाने मेंदूचे यंत्र समोर ठेवून सांगितले. मला त्या निकालाचा मनापासून अभिमान वाटतो.

प्रश्न संपले मात्र नाहीत, कारण आता अर्धी स्मरणशक्ती आपण खिशात घेऊन फिरतो. मोबाइलचे कुलूप अंगठ्याने उघडत असेल तर तो शरीराचा ठसा, आणि पासवर्डने उघडत असेल तर ते मनातले ज्ञान. त्याच फोनच्या त्याच कुलपाचे दोन वेगळे कायदे! पासवर्ड सांगायला भाग पाडता येईल का, यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तपास यंत्रणेला अनुकूल भूमिका घेतली, तर दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये सक्ती नाकारली. चौकीत 'फोन इकडे दे, लॉक काढ' हे वाक्य किती सहज येते! काठी कालूच्या खटल्यातल्या अकरा न्यायाधीशांना ज्या रेघेसाठी एवढा खल करावा लागला, ती रेघ त्या पाच शब्दांच्या बरोबर मधून जाते.

कोठडी वाढवून मागताना एक ठरलेले वाक्य असते : 'आरोपी तपासात सहकार्य करत नाही.' वर्तमानपत्रांतही ते जसेच्या तसे छापून येते, आणि वाचणारा मनात म्हणतो, खाई त्याला खवखवे. या वाक्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संतोष विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात उत्तर दिले. आरोपीने कबुली दिली नाही, एवढ्यावरून तो सहकार्य करत नाही असे म्हणता येणार नाही. सहकार्य म्हणजे बोलावले तेव्हा हजर राहणे; पोलिसांना हवे ते बोलणे नव्हे.

इथे मला एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकाची फसवणूक होईल. न्यायालयात मौन नेहमीच बिनखर्चाचे नसते. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००६. घराच्या चार भिंतींआड बायकोचा खून झाला आणि नवऱ्याकडे त्याचा पटणारा खुलासा नव्हता. जी गोष्ट फक्त घरातल्यालाच ठाऊक असणार, तिच्यावर तो गप्प राहिला किंवा खोटे बोलला, तर ती साखळीतली एक कडी धरता येते, असे न्यायालय म्हणाले. त्या निकालामागे एक मेलेली बाई आहे, जी आता कधीच बोलू शकणार नाही. तिच्या मौनापुढे त्याच्या मौनाला तेवढीच किंमत द्यावी, असे मलाही वाटत नाही. पण सरकारपक्षाने आधी आपले काम केलेले असले पाहिजे. आरोपीचे गप्प बसणे हा पुराव्याचा पाया होऊ शकत नाही.

कारखान्याच्या पट्ट्यात आणखी एक सावधगिरी लागते. इथे 'चार्जशीट' हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. एक पोलीस न्यायालयात दाखल करतात, दुसरी एचआर खाते कामगाराच्या हातात देते. कंपनीच्या खात्याअंतर्गत चौकशीत कलम २०(३) ची ढाल नाही, कारण तो फौजदारी आरोप नाही. तिथे गप्प राहिल्यास चौकशी अधिकारी पुढे जातो आणि नोकरी जाऊ शकते. तिथे बोलल्यास, तेच बोलणे उद्या पोलिसांच्या फाइलीत जाऊन बसू शकते. एकाच घटनेच्या दोन चार्जशिटा हातात असलेल्या माणसाने पहिला शब्द काढण्याआधी वकील गाठावा. अटक झालेल्याला तर चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्कच आहे, संपूर्ण वेळ शेजारी बसवून घेण्याचा नसला तरी. आणि लेखी बोलावणे मागायला लाजू नये. साक्षीदाराला बोलावण्याचा पोलिसांचा अधिकार लेखी आदेशाने वापरायचा आहे. 'दहा मिनिटांचं काम आहे' हा आदेश नव्हे. महिला, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठीच्या पुढचे, आजारी आणि अपंग यांचा जबाब तर पोलिसांनी त्यांच्या राहत्या ठिकाणीच जाऊन घ्यायचा आहे.

पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले १५ ऑगस्ट २०१८ रोजी. त्याच्या जेमतेम पंधरवडा आधी, ३० जुलैला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकण पेटले होते, बस जळाल्या होत्या, आणि त्यानंतर चौकशीच्या फेऱ्यांत कितीतरी घरांतली पोरे सापडली. चाकणला एखाद्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभे राहिले तर मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया, बंगाली अशा भाषा एकामागून एक कानावर येतात. चौकीत मात्र बहुतेक एकच भाषा चालते. जो प्रश्नच नीट समजला नाही, त्याच्यावर गप्प राहायचे की नाही हे कोण कसे ठरवणार? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितले की अटकेची कारणे अटक झालेल्याला लेखी द्यायची आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यायची. वरळीच्या एका मोटार अपघाताच्या प्रकरणातला हा निकाल. पण त्याची खरी गरज मला चाकणच्या एखाद्या चाळीतल्या खोलीत दिसते, जिथे आठ जण आठ जिल्ह्यांतून येऊन राहतात.

आणि तरीही एखाद्याला बोलायचेच असेल, मन हलके करायचे असेल, तर? त्यासाठी कायद्याने एक वेगळी खोली ठेवली आहे. तिथे टेबलापलीकडे पोलीस नसतो, मॅजिस्ट्रेट असतो. २००९ च्या फेब्रुवारीत मुंबईत अजमल कसाबला कबुलीसाठी मॅजिस्ट्रेट सावंत-वाघुळे यांच्यापुढे आणले गेले. सारे शहर रक्ताने माखून अजून तीन महिने झाले नव्हते. त्याला बोलायची घाई होती. त्यांनी त्याला समजावले की तू बोलायला बांधील नाहीस आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल. मग त्याला पोलिसांच्या ताब्याबाहेर ठेवून विचार करायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी तो आला, पुन्हा तेच समजावले, पुन्हा वेळ दिला. १७ तारखेला सुरू झालेले हे काम २० आणि २१ तारखेला नोंदीपर्यंत आले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात ही सगळी काळजी बारकाईने तपासली, आणि पुढच्या काळासाठी एक नियमही घालून दिला : आरोपी पहिल्यांदा समोर येताच, वकील मिळण्याचा तुला हक्क आहे, हे त्याला सांगणे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्य आहे.

ज्या कलमाखाली हे घडले, ते आता १८३ या आकड्याने ओळखले जाते. त्याचा तिसरा खंड वकिलांशिवाय फारसा कुणी वाचत नाही. चाकणच्या खेड तालुक्याचे न्यायालय राजगुरुनगरला आहे. समजा, पोलिसांनी एखाद्या पोराला कबुलीसाठी तिथे मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. व्हॅनमध्ये त्याला वाटेत काय काय सांगितले गेले, ते त्याचे त्यालाच ठाऊक. दार बंद होते, पोलीस बाहेर जातात. मॅजिस्ट्रेट विचारतात, "तुला कबुलीजबाब द्यायचाय का? देण्याची सक्ती नाही." पोरगा मान हलवून म्हणतो, "नाही द्यायचा." कायदा सांगतो की त्या एका नकारानंतर मॅजिस्ट्रेटने त्याला पोलीस कोठडीत ठेवण्याची परवानगी द्यायची नाही. आल्या वाटेने, त्याच हातांत, तो परत जाणार नाही. बाहेर व्हॅन उभीच असते.